मांडवाखालचा तालुका

मुळशी तालुक्यात कुणाच्याही घरी जा. पाणी झालं, चहा झाला, गप्पांना सूर लागला की आतल्या कपाटातून लग्नाचा अल्बम बाहेर येतोच. घराच्या जमिनीची नोंद तलाठ्याकडे असते, जन्ममृत्यूची ग्रामपंचायतीत, मुलांची शाळेच्या रजिस्टरात. पण त्या घरातली माणसं कशी दिसायची, पडवीत काय टांगलेलं असायचं, चूल कुठल्या कोपऱ्यात होती, आजी हसताना तोंडाला पदर लावायची का, भावकीची पंगत कुठवर जायची, याची नोंद कुठल्याही कचेरीत नाही. असलीच तर ती या अल्बमात आहे. कॅमेरा घेतलेलं परकं माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत घरभर वावरतं आणि त्याला कुणी हटकत नाही, असा साध्या घरातला दिवस म्हणजे लग्नाचाच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. लग्नाचे फोटो काढणारा माणूस गावाचा इतिहास लिहीत असतो, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो. आणि इतिहास लिहायचा तर माणसांना उठवून, वळवून, हसायला लावून भागत नाही. ती जशी आहेत, जे करताहेत, ते तसंच टिपावं लागतं. या पद्धतीला आपल्याकडे आता सर्रास ‘कॅन्डिड’ म्हणतात. पुढच्या पानांवरचे फोटो मी याच पद्धतीने, मुळशीतल्या लग्नघरांत काढलेले आहेत. ते पाहण्याआधी ही पद्धत कुठून आली, ती कशी चालते आणि या तालुक्याला तिची गरज आहे असं मला इतक्या कळकळीने का वाटतं, हे सांगितलं पाहिजे.

गरजेपासूनच सुरुवात करते. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधायला घेतलं, त्याला आता शंभर वर्षं उलटून गेली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, इथल्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे, शिवरामपंत परांजपे यांच्यासारखी माणसं त्यात उतरली. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही ओळख याच लढ्याने दिली. १९२४ च्या अखेरीला लढा संपला. १९२७ मध्ये घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईकडे गेली. पन्नासच्या आसपास गावांना या पाण्याने ग्रासलं. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं लिहिली, त्यांतून लढा कळतो, डावपेच कळतात, तुरुंगवास कळतात. पण पाण्याखाली गेलेल्या गावातली नवरी कुठल्या ओट्यावर उभी राहून बाशिंग बांधून घ्यायची, मांडवाला डहाळ्या कुठल्या झाडाच्या असायच्या, वऱ्हाड बैलगाड्यांतून उतरायचं तेव्हा पुढे कोण असायचं, हे आज कुणी दाखवू शकत नाही. त्या घरांतल्या एका लग्नाचाही फोटो माझ्या पाहण्यात आलेला नाही, आणि मी ठिकठिकाणी विचारून पाहिलं आहे.

पुढचा बदल पाण्याशिवाय झाला. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यातलं. माण, मारुंजी, सूस, म्हाळुंगे, भूगाव, पिरंगुट ही नावं पंचवीस-तीस वर्षांपूर्वी भातखाचरांची होती, आज ती गृहसंकुलांच्या जाहिरातींत दिसतात. जमीन विकून आलेल्या पैशाने या तालुक्यातल्या पोरांचं काय झालं, ते प्रवीण तरडे यांनी २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ या सिनेमात मांडलं, आणि तालुक्याचं नाव महाराष्ट्रभर झालं. त्या सिनेमाइतकाच मला एक साधा पुरावा बोलका वाटतो. एकाच घरातल्या तीन भावंडांच्या लग्नांचे तीन अल्बम शेजारी ठेवून पाहा. थोरल्याच्या लग्नात मागे कौलारू घर आहे, सारवलेलं अंगण आहे, गोठ्यातली म्हैस मान वळवून बघते आहे. मधल्याच्या लग्नात गोठा गेलेला आहे आणि तिथे विटांचा ढीग आहे. धाकट्याचं लग्न लॉन्सवर लागलेलं आहे आणि मागे एलईडीची भिंत आहे. हे कुणी मुद्दाम नोंदवलं नाही. लग्नाचे फोटो काढता काढता ते नोंदलं गेलं. मुद्दाम, डोळे उघडे ठेवून नोंदवलं तर किती गाठीला लागेल, हा विचार मला या कामात खेचून घेऊन आला.

आता काम कसं चालतं ते पाहू. बऱ्यापैकी ऐपतीच्या लग्नाला आज आमची पाच-सहा जणांची टीम जाते. ट्रॅडिशनल फोटोवाला, ट्रॅडिशनल व्हिडिओवाला, कॅन्डिडवाला, सिनेमॅटिकवाला, ड्रोनवाला आणि स्क्रीनवर चित्र सोडणारा मिक्सरवाला. यातल्या ट्रॅडिशनल कामाला मी कमी लेखत नाही. स्टेजवर येणारा प्रत्येक पाहुणा आहेर देताना टिपणं, मामे-मावश्या-आत्या रांगेने उभ्या करणं, कुणी राहिलं का ते नवरीच्या काकांना विचारून घेणं, हे जोखमीचं काम आहे. त्यात एक चुलता सुटला तर पुढे दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. शिवाय त्या रांगेत नातं दिसतं: मधोमध कोण, कडेला कोण, कुणाच्या खांद्यावर कुणाचा हात. तो फोटो घराला लागतोच. पण त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात. ती माणसं एकमेकांकडे कशी बघतात, हे ज्यात दिसेल असा फोटोही घराला लागतो, आणि तो काढायला दुसरी रीत लागते.

आपली माणसं फोटोत ताठ का उभी राहतात, याला इतिहास आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी त्यात उत्साहाने काम करत होती. त्या काळी फोटो ज्या काचांवर निघत, त्या इतक्या मंद होत्या की माणसाला कित्येक सेकंद श्वास रोखल्यासारखं बसावं लागे; डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. हललं की चेहरा पुसला. पुढे काचा गेल्या, फिल्म आली, फिल्म गेली, आज सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो निघतो. पण कॅमेरा दिसला की श्वास रोखायची सवय आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आपल्याकडे आली. गावातल्या स्टुडिओने तिला रंगीत पडदा आणि खुर्ची दिली, मंगल कार्यालयाने सिंहासन दिलं. आपल्या लग्नातला स्टेज हा त्याच स्टुडिओचा मोठा झालेला अवतार आहे.

ही सवय मोडायला लहान कॅमेरा यावा लागला. १९२४ साली जर्मनीत एर्मानॉक्स नावाचा कॅमेरा आला. त्याची लेन्स इतका उजेड आत घेई की दिव्याच्या प्रकाशातही फोटो निघत. पुढच्याच वर्षी लायका बाजारात आला. बर्लिनचा एरिख सालोमन कायदा शिकलेला होता. कोर्टात, परिषदांत, मेजवान्यांत तो एर्मानॉक्स घेऊन जाई आणि मंत्री-मुत्सद्दी बेसावध असताना त्यांना टिपे. कॅमेऱ्याच्या संदर्भात ‘कॅन्डिड’ हे विशेषण त्याचे फोटो छापणाऱ्या लंडनच्या ‘ग्राफिक’ या साप्ताहिकाने रूढ केलं. सालोमन ज्यू होता. १९४४ साली ऑशविट्झच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. मोठ्या माणसांचे मुखवटे उतरवून दाखवणारी ही कला कुठल्या काळात वाढली, हे आम्ही कॅन्डिडवाल्यांनी विसरू नये.

फ्रान्सच्या आँरी कार्तिए-ब्रेसाँने लहानशा लायकाने रस्त्यावरच्या साध्या माणसांचं आयुष्य टिपलं. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग तो काळे करून ठेवी, म्हणजे कुणाचं लक्ष जायला नको. फ्लॅश तो वापरत नसे. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही तास आधी, तो गांधीजींना भेटला होता, आणि त्यानंतरची दिल्ली त्याने टिपली. आपल्या मातीतही ही परंपरा आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी पुढे स्वातंत्र्याची पहाट टिपली, पण त्यांनी तरुणपणी काढलेले आपल्या मैत्रिणींचे फोटो मला तितकेच जवळचे वाटतात, कारण बाईने बाईला तिच्या मोकळेपणात पाहिलेलं त्यात दिसतं. संदेश भंडारे यांनी तमाशाचे फड कनातीच्या आतून पाहिले, पंढरीची वारी पायी चालणाऱ्यांच्या उंचीवरून पाहिली. सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांच्या जगात उतरून काम केलं. लग्नाचे फोटो काढायला मी शिकले ते लग्नाच्या फोटोंपेक्षा या मंडळींच्या कामातून जास्त.

लग्नाच्या धंद्यात ही रीत आणण्याचं श्रेय अमेरिकेच्या डेनिस रेगी यांना जातं. सप्टेंबर १९९६ मध्ये जॉन केनेडी (धाकटे) यांचं लग्न जॉर्जियातल्या कंबरलँड बेटावर मोजक्या माणसांत लागलं. चर्चमधून बाहेर पडताना नवऱ्याने नवरीच्या हाताचं चुंबन घेतलं. तो अंधुक उजेडातला, कुणीही न सांगता घडलेला क्षण रेगींनी टिपला आणि तो जगभर गेला. आपल्याकडे २०१० च्या आसपास ही लाट आली. कॅननचा फाइव्ह-डी मार्क-टू हा कॅमेरा २००८ साली निघाला होता. कमी उजेडात उत्तम फोटो आणि वर सिनेमासारखा व्हिडिओ, हे त्याने लहान शहरातल्या फोटोग्राफरच्याही हातात आणून दिलं. डिसेंबर २०१७ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांच्या लग्नातले जोसेफ राधिक यांनी काढलेले फोटो घराघरांत पोचले, आणि त्यानंतर पौडच्या बाजारपेठेत बस्ता बांधायला आलेली मुलगीसुद्धा ‘आम्हाला कॅन्डिड पाहिजे’ म्हणू लागली.

इथेच एक घोळ झाला. कॅन्डिड मागितलं जातं आणि मिळतो तो सिनेमा. नवरीला खिडकीशी उभं करून ‘जरा लाजा’ म्हणायचं, मैत्रिणींना ‘हसत हसत इकडून तिकडे चाला’ म्हणायचं, हळद तीन वेळा उधळायला लावायची. मुळशीच्या धरणाकाठी शनिवार-रविवारी प्री-वेडिंगच्या जोड्यांची रीघ लागते. तो हौसेचा भाग आहे, त्यात वावगं काही नाही. मीही ते काम करते. पण ते रचलेलं चित्र आहे आणि त्याला तसंच म्हणावं. कॅन्डिडची अट एकच: जे माझ्याशिवायही घडलं असतं, तेच मी टिपायचं. ही अट पाळली तरच तो फोटो उद्या पुरावा म्हणून उभा राहील.

अट पाळायची तर आधी घरात मिसळावं लागतं. मी लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा दारात उभी राहत नाही. मुहूर्तमेढ रोवतात तेव्हा जाते, बांगड्या भरायला कासार येतो तेव्हा जाते, शक्य असलं तर जात्यावर हळद दळायच्या दिवशी आधी हात लावते आणि मग कॅमेरा काढते. लांबून मोठ्या लेन्सने चोरून फोटो काढता येतात, पण त्यांत माणूस एकटा पडतो. मी बहुतेक वेळ ३५ मिलिमीटरची लेन्स लावते. तिने फोटो काढायचा तर समोरच्या माणसापासून हातभर अंतरावर जावं लागतं, आणि इतकं जवळ गेलं की तुम्ही कोण हे त्याला माहीत असावंच लागतं. पहिला तासभर सगळे सावध असतात. मग कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप देतं, कुणी लेकरू सांभाळायला देतं, आणि कॅमेरा घरातल्या वस्तूंत जमा होतो.

उजेडाचंही शास्त्र आहे. मांडवाचं कापड लाल-पिवळं असलं की मे महिन्याचं ऊन त्यातून गाळून येतं आणि सगळ्यांचे चेहरे लाल-पिवळे करतं. कॉम्प्युटरवर तो रंग काढायला गेलं तर हळदीचा पिवळेपणाही निघून जातो. म्हणून मी मांडवाची कड शोधते. जिथे कापड संपतं आणि मोकळ्या आभाळाचा उजेड आत येतो, तिथे चेहऱ्याला त्याचा खरा रंग असतो. जुन्या घरात ती जागा माजघराच्या दाराशी सापडते: आत अंधार, बाहेर अंगणाचा उजेड, आणि उंबऱ्यावर बसलेली म्हातारी. उजेडाइतकाच आवाजही महत्त्वाचा. पूर्वीच्या कॅमेऱ्यांच्या खटक्याने माणसं दचकायची. आताचे मिररलेस कॅमेरे आवाज न करताही चालतात. यंत्राने आपल्याला अदृश्य व्हायची सोय दिली आहे, तेवढी जबाबदारीही वाढवली आहे.

आता एक फोटो जवळून पाहू. मंगलाष्टका चालू असताना हॉलमधले सगळे कॅमेरे अंतरपाटाकडे असतात. आमच्या टीममधलाही एक जण तिथे असतोच. पण आपल्याकडे पुष्कळ घरांत अशी रीत आहे की मुलीची आई लग्न लागताना बघत नाही, ती त्या वेळी तुळशीला पाणी घालते. पौड खोऱ्यातल्या एका लग्नात ही आई मला कार्यालयाच्या मागच्या बाजूला सापडली. पाण्याच्या टाकीशेजारी, प्लास्टिकच्या कुंडीत लावलेल्या तुळशीपुढे ती उभी होती. हातात स्टीलचा तांब्या, अंगावर भरजरी शालू, पायात चप्पल नाही. मंगलाष्टकं भोंग्यातून ऐकू येत होती आणि तिचे ओठ त्याबरोबर हलत होते. पाणी ती थेंबाथेंबाने सोडत होती, शेवटच्या अष्टकापर्यंत पुरवायचं होतं. वाजंत्री कडाडली तसा तिने उरलेला तांब्या एकदम रिता केला, हात पदराला पुसले, शेजारच्या पोरीला विचारलं, “लागलं ना गं?” आणि तशीच तरातरा भटारखान्याकडे गेली, पहिल्या पंगतीची ताटं मांडली का बघायला. पोरीचं लग्न लागलं त्या क्षणी आई कशी होती, हे त्या घराला या फोटोशिवाय कधीच कळलं नसतं. नवरीने तो फोटो पाहिला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, हा मोठा करून द्या.” स्टेजवरचे सगळे फोटो सोडून तिने तोच भिंतीवर लावला आहे.

दुसरा फोटो घाणा भरतानाचा. दोन मुसळं एकत्र बांधलेली, त्यांना आंब्याची पानं, उखळात हळकुंडं. पाच सवाष्णींचे दहा हात त्या मुसळांवर. मी चेहरे घेतले नाहीत, फक्त हात घेतले. एकीच्या बोटांच्या पेरांत भातलावणीच्या चिखलाने कायमच्या पडलेल्या भेगा आहेत, एकीच्या नखांना लाल नेलपेंट आहे, एकीच्या मनगटावर जुनं हिरवं गोंदण आहे, एकीच्या मनगटावर स्मार्टवॉच आहे. तालुक्याच्या तीन पिढ्या त्या मुसळांवर एकत्र आल्या आहेत. असा फोटो सांगून निघत नाही. सांगितलं असतं तर घड्याळवालीने घड्याळ काढून ठेवलं असतं.

घाणा भरताना कुणी म्हातारी ओवी म्हणते तेव्हा मला या तालुक्यातल्या एका मोठ्या कामाची आठवण होते. गी प्वातव्हाँ हे मूळचे फ्रान्सचे, आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर. या दोघांनी पुण्यात संस्था उभारून मुळशी, मावळ, वेल्हे या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर १९८० च्या दशकात काम सुरू केलं, आणि त्यातून जात्यावरच्या ओव्यांचं संकलन उभं राहिलं. पुढे ते महाराष्ट्रभर पसरलं, एक लाखाच्या वर ओव्या जमल्या, आणि आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संग्रहात त्या आवाजांसह जपल्या जात आहेत. गावोगावच्या स्वयंपाकघरात बसून, बायकांच्या वेळेने, त्यांच्या बोलीत, ओवी गाणारीचं नाव आणि गाव लिहून हे काम झालं. जातं थांबलं तरी आवाज उरला, तो या चिकाटीमुळे. कानांनी जे केलं ते डोळ्यांनीही करावं, ही माझी या कामामागची ओढ आहे. आणि त्यांच्याकडून घेण्यासारखी पहिली शिस्त म्हणजे नाव आणि गाव लिहिणं.

लग्नाकडे असं पाहिलं की कडेची माणसं दिसायला लागतात. उन्हात घामाघूम होऊन सनई फुंकणारा, बॅन्डमधला झांजवाला पोरगा, मांडवाचे खांब रात्रीतून उभे करणारी माणसं, भटारखान्यात बुंदी पाडणारा आचारी, शेवटच्या पंगतीनंतर पातेली घासायला बसलेल्या बायका. ट्रॅडिशनल अल्बममध्ये यांना जागा नसते. माझ्या फोटोंत ती आहेत, कारण त्यांच्याशिवाय लग्न लागत नाही. आणि कडेला आणखी कुणी उभं असतं: नवरा गेलेली आत्या, मावशी, कधी खुद्द नवरदेवाची आई. हळद लावायला सवाष्णी पुढे होतात आणि ती दाराच्या चौकटीत उभी राहून बघते. हा फोटो काढताना हात जड होतो, पण मी तो काढते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. पुढच्या पानांत एक फोटो आहे ज्यात नवरी स्वतः उठून चौकटीतल्या आत्याचा हात धरून तिला पाटाशी आणते आहे. रीत मोडते ती अशी, घरातल्या घरात, भाषणाशिवाय. चौकटीतला फोटो असेल तरच पाटाशी आलेल्या आत्याची किंमत पुढच्यांना कळेल.

तसंच दिखाव्याचं. मांडवाबाहेर फिती लावलेली गाडी, रुखवताच्या टेबलावर मांडलेली भांडी नि फ्रिज, सत्कारासाठी खोळंबलेला मुहूर्त, माइकवरून पुकारली जाणारी पुढाऱ्यांची नावं. हुंड्याला कायद्याने १९६१ पासून बंदी आहे. ती गाडी कुणी कुणाला आणि का दिली, हे फोटो सांगत नाही. पण नवरीचा बाप त्या गाडीकडे कसा बघतो, हे सांगतो. आता गावोगावच्या समाजाच्या बैठकांतून लग्न साधेपणाने करा, प्री-वेडिंगचा बडेजाव नको, असे ठराव होताहेत. मला ते मनापासून पटतात, त्यात माझा धंदा थोडा कमी झाला तरी. साध्या लग्नातच कॅन्डिड फोटोला खरा वाव असतो, कारण तिथे माणसं पाहुण्यांना दाखवण्यात गुंतलेली नसतात.

या मोकळिकीला मर्यादाही हवी. घराने मला आत घेतलं ते विश्वासावर. बांगड्या भरतानाच्या, साडी नेसतानाच्या खोलीत मी बाई म्हणून जाऊ शकते. तिथे काढलेला कुठलाही फोटो त्या खोलीतल्या बायकांनी पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. घास तोंडात असताना मी कुणाला टिपत नाही. मानपानावरून आवाज चढला की कॅमेरा खाली ठेवते. इतिहासाला ती नोंद हवी असेलही, पण त्या वेळी मी त्या घरची पाहुणी असते. पाठवणीच्या वेळचं रडणं मी टिपते, मात्र ते आधी घराच्या हाती देते आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय मोबाइलवर फिरवत नाही. या संग्रहातला प्रत्येक फोटो त्यातल्या माणसांना दाखवून, विचारून घेतलेला आहे. ज्यांनी नको म्हटलं त्यांचे फोटो इथे नाहीत, आणि त्यांतले काही माझे सर्वांत आवडते होते. नाही म्हणण्याचा त्यांचा हक्क मला माझ्या आवडीपेक्षा मोठा वाटतो.

शेवटी हे फोटो टिकायचे कसे, याबद्दल. जुन्या अल्बमातले काळे-पांढरे फोटो साठ-सत्तर वर्षांनीही नीट आहेत. आजच्या लग्नाचे हजारो फोटो एका पेनड्राइव्हमध्ये येतात, आणि तो पेनड्राइव्ह कपाटात पडून निकामी होतो किंवा मोबाइल बदलताना सगळंच जातं. माझ्याकडे लग्न असेल त्या घराला मी आग्रहाने सांगते: करिझ्मा अल्बम करा, हौस करा, पण निवडक फोटोंच्या सुट्या प्रती चांगल्या कागदावर छापून घ्या. बाकी सगळं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. मुळशीसारख्या पावसाळी मुलखात पुठ्ठ्याचा खोका चालत नाही. पत्र्याची घट्ट झाकणाची पेटी घ्या आणि ती जमिनीवर ठेवू नका.

हे फोटो पाहताना वाचकाला एक विनंती आहे. नवरा-नवरीपासून सुरुवात करू नका. आधी कडा बघा, मागचं घर बघा, कुणाचे हात कुठे आहेत ते बघा, मग मध्यावर या. तुम्ही मुळशीचे असाल तर यातले चेहरे ओळखीचे निघतील, आणि मग हे काम तुमचंही होईल. तुमच्या घरातला अल्बम काढा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि प्रत्येक चेहऱ्याचं नाव विचारा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, नाव, गाव आणि साल लिहा; शाई पुढे उतरते. हे येत्या सुट्टीतच करा. म्हातारं माणूस गेलं की फोटोतला चेहरा राहतो आणि नाव जातं, आणि नाव गेलेला चेहरा पुढच्या पिढीला परका होतो. फोटो काढणं माझ्यासारखीचं काम आहे. नावं लिहिणं ज्याच्या त्याच्या घराचं.